वचने समजली म्हणून आनंद: पवित्र शास्त्रावर भरवसा ठेवायला शिकताना काय करावे, कोणत्या क्रमाने करावे

नहेम्याच्या पुस्तकातल्या आठव्या अध्यायात एक लांबलचक सभा आहे. बाबेलातल्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले आहेत. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो आणि लेवी, म्हणजे मंदिरातले सेवक, जमलेल्यांना अर्थ फोड करून सांगतात. ऐकता ऐकता सगळे रडू लागतात. तेव्हा त्यांना सांगितले जाते की रडू नका; जा, खा, प्या आणि ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांना वाटा पाठवा. मग लोक मोठा आनंद करायला गेले. का गेले, ते १२व्या वचनात आहे: त्यांना सांगितलेली वचने समजली होती.

आधी ऐकणे, मग समजणे, मग रडणे, मग आनंद. आपल्यापैकी बरेच जण हा क्रम उलटा लावतात. ख्रिस्ती माणसाने आनंदी असलेच पाहिजे असे कानावर पडलेले असते, म्हणून उपासनेला जाताना चेहऱ्यावर हसू आणायचे, घरी आल्यावर ते गळून पडले की मनाला लावून घ्यायचे आणि शास्त्र उघडायचे ते फक्त धीर देणारी एखादी ओळ शोधण्यापुरते. असा आनंद फार टिकत नाही, कारण त्याला खाली आधार नसतो. पुढे जे लिहिले आहे ते समजण्यापासून सुरू होते. त्यात वेळ जातो, हे आधीच सांगून ठेवतो.

१. नेमके काय पटत नाही, ते कागदावर उतरवा

‘माझा बायबलवर भरवसा उरलेला नाही’ असे कोणी म्हणते, तेव्हा त्यामागे अगदी वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. एखाद्याला वाटते की इतक्या वेळा नकलून काढलेला मजकूर मूळचा राहिलाच नसेल. एखाद्याला चमत्कार पटत नाहीत. कोणाला सगळे पटते, पण ‘हे माझ्यासाठी नाही, माझ्यासारख्याला देव क्षमा करणार नाही’ असे आतून वाटत राहते. आणि कित्येकांचा खरा राग शास्त्रावर नसतोच; तो शास्त्र हातात धरून त्यांना दुखावणाऱ्या माणसावर असतो.

या प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे. हस्तलिखितांची माहिती दुखावलेल्या माणसाच्या कामाची नाही आणि ज्याला इतिहासाचा प्रश्न पडला आहे त्याला ‘फक्त विश्वास ठेव’ म्हणणे हा त्याचा अपमान आहे. म्हणून आपला प्रश्न एका वाक्यात लिहा. सौम्य करू नका, धार्मिक भाषेत गुंडाळू नका.

शंका लिहायची भीती वाटत असेल तर मत्तयाचा अकरावा अध्याय वाचा. ज्याने येशूचा बाप्तिस्मा केला तोच योहान तुरुंगातून निरोप पाठवतो की येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशू त्याला रागावत नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, हे योहानाला जाऊन सांगा, एवढेच तो म्हणतो. हे शब्द यशयाच्या भाकितांची आठवण करून देणारे आहेत. म्हणजे डोळ्यांसमोर घडलेले आणि आधी लिहिलेले यांचा मेळ घाल, असे ते उत्तर आहे. शंकेला उत्तर द्यायची ही पद्धत पुढे उपयोगी पडेल.

२. मजकुराबद्दलची शंका असेल तर पुरावा पाहा, आणि तो कुठे थांबतो तेही पाहा

ज्यांना हा प्रश्न नाही त्यांनी खुशाल तिसऱ्या टप्प्यावर जावे. ज्यांना आहे त्यांनी इथे घाई करू नये.

१९४७ साली मृत समुद्राजवळच्या कुमरान इथल्या गुहांमध्ये जुन्या गुंडाळ्या सापडू लागल्या. त्यात यशयाची एक गुंडाळी होती, सात मीटरपेक्षा लांब, जवळपास पूर्ण आणि ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराची. त्याआधी जुन्या कराराची, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागाची, जी महत्त्वाची हिब्रू हस्तलिखिते अभ्यासकांच्या हाती होती ती इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकातली. म्हणजे एकदम हजार वर्षे मागे जाऊन पडताळून पाहायची सोय झाली. काय आढळले? शुद्धलेखनाचे, व्याकरणाचे आणि काही ठिकाणी शब्दांचेही फरक आढळले. उदाहरणार्थ, ५३व्या अध्यायाच्या ११व्या वचनात या गुंडाळीत ‘प्रकाश’ हा शब्द आहे, जो नंतरच्या प्रचलित हिब्रू मजकुरात नाही. पण यशयाचे पुस्तक यशयाचेच राहिले आहे. त्याचा संदेश बदललेला नाही.

नव्या कराराचे सर्वांत जुने समजले जाणारे तुकडे दुसऱ्या शतकाच्या आसपासचे आहेत. मँचेस्टरमध्ये ठेवलेला योहानाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे योहानाने सांगितलेल्या येशूच्या वृत्तांताचा, पपायरसचा एक तुकडा तळहाताहून लहान आहे आणि त्यावर १८व्या अध्यायातला, रोमी सुभेदार पिलातासमोर झालेल्या येशूच्या चौकशीचा, भाग आहे. चौथ्या शतकापासून तर मोठी ग्रंथरूप हस्तलिखिते उपलब्ध आहेत.

आता अवघड बाजू. मार्काच्या १६व्या अध्यायातली ९ ते २० ही वचने चौथ्या शतकातल्या दोन प्रमुख हस्तलिखितांत नाहीत. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीची गोष्ट, म्हणजे योहान ७:५३ ते ८:११, सर्वांत जुन्या प्रतींमध्ये आढळत नाही. हे कोणी लपवून ठेवलेले नाही. चांगल्या आवृत्तीत तिथे कंस किंवा तळटीप असते. मला विचाराल तर या तळटिपांमुळे भरवसा वाढायला हवा. जिथे शंका आहे तिथे शंका आहे असे छापून सांगणारा ग्रंथ तुमच्या हातात आहे.

लेखकांनी आपल्या कामाबद्दल काय म्हटले आहे, तेही बघा. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्या चार वचनांत सांगतो की त्याने सगळ्याचा मुळापासून शोध केला आणि ज्यांनी स्वतः पाहिले त्यांच्याकडून आलेले क्रमाने लिहिले. प्रेषित पौल करिंथकरांस पहिल्या पत्रात, १५व्या अध्यायात, लिहितो की उठलेला ख्रिस्त एका वेळी पाचशेहून अधिक जणांना दिसला आणि त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत. हे पत्र घटनेनंतर साधारण पंचवीस वर्षांच्या आतले. हयात साक्षीदारांचा उल्लेख करणे म्हणजे जाऊन विचारा असेच सांगणे.

पण हा पुरावा कुठे थांबतो हे लक्षात असू द्या. मजकूर नीट टिकून आहे, एवढे त्यातून कळते. त्या मजकुरातून देव बोलतो की नाही, हे हस्तलिखिते सांगू शकत नाहीत. ते वाचत, प्रार्थना करत आणि पाळत गेल्यावर उमगते.

३. वाचनाची सुरुवात लेवीयाच्या वाटेने करू नका

उत्पत्तीपासून सरळ वाचत जायचे ठरवणारे बहुतेक जण निर्गमच्या उत्तरार्धात, निवासमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, मापांमध्ये अडकतात आणि लेवीय या पुढच्या पुस्तकात थांबतात. तो भाग निरुपयोगी आहे असे मुळीच नाही, पण तो पहिल्यांदा वाचायचा नाही.

मार्काचे शुभवर्तमान घ्या. १६ अध्याय आहेत, दीड-दोन तासांत एका बैठकीत वाचून होते. ते एकदा खरोखरच एका बैठकीत वाचा, गोष्ट वाचावी तसे. त्यानंतर फिलिप्पैकरांस पत्र. ते चारच अध्यायांचे आहे. मग लूक आणि लगेच प्रेषितांची कृत्ये, कारण ते एकाच लेखकाचे दोन भाग आहेत. सोबतीला रोज एक स्तोत्र. जुन्या करारात शिरायचे झाले तर उत्पत्ती, निर्गमचे पहिले वीस अध्याय, रूथ आणि शमुवेलाची पुस्तके. पुढची वाट तुम्हालाच सापडेल.

हिशेबच हवा असेल तर नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्यातून पाच दिवस एकेक अध्याय वाचला तर वर्षात पूर्ण होतो आणि दोन दिवस मागे रेंगाळायला मोकळे राहतात. वर्षभरात संपूर्ण बायबल वाचायच्या योजना चांगल्या असतात, पण रोज तीन-चार अध्याय उरकण्याच्या नादात समजणे राहून जाते. पहिल्या वर्षी मी तरी कोणाला ते सुचवत नाही.

४. ओळ उचलू नका, परिच्छेद वाचा

भरवसा तुटण्याचे सर्वांत मोठे कारण माझ्या पाहण्यात हेच आहे: शास्त्राने जे वचन दिलेच नव्हते ते दिले असे समजून माणूस वाट पाहतो आणि ते घडले नाही की देव खोटा ठरला असे त्याला वाटते.

यिर्मया २९:११ घ्या. तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, तुम्हाला आशा आणि भवितव्य देण्याचे आहेत, असे ते वचन. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना, नोकरी शोधणाऱ्यांना ते हमखास पाठवले जाते. आता त्या अध्यायाचे पहिले वचन वाचा. यिर्मयाने यरुशलेमेहून बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेले हे पत्र आहे. दहावे वचन म्हणते की बाबेलाची ७० वर्षे पुरी झाल्यावर मी तुम्हाला परत आणीन. ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण तोवर जिवंत राहणार नव्हते. त्यांना सांगितले काय होते? घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा आणि ज्या नगरात बंदिवान आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. दोन वर्षांत सुटका होईल असे सांगणारा हनन्या आदल्याच अध्यायात खोटा संदेष्टा ठरला आहे. आता अकरावे वचन पुन्हा वाचा. त्याचे वजन वाढते, पण ते तुमच्या निकालाची हमी उरत नाही. देव आपल्या लोकांना परक्या देशातही विसरलेला नाही, हे त्यातून कळते, आणि निकाल कसाही लागला तरी ते खरे राहते.

तसेच फिलिप्पै ४:१३. मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो, हे खेळाडूंच्या कपड्यांवरही दिसते. आधीची दोन वचने सांगतात की ‘सर्व काही’ म्हणजे काय: भरल्या पोटी आणि उपाशी, विपुलतेत आणि गरजेत, दोन्हीत समाधानी राहणे. आणि पौल म्हणतो की हे मी शिकलो आहे. त्यालाही ते जन्मतः येत नव्हते.

रोजच्या वाचनासाठी वीस मिनिटे पुरेत. उतारा दोनदा वाचा, त्यातून एकदा मोठ्याने. मग वहीत लिहा: कोण कोणाला बोलतो आहे आणि त्या वेळी काय चालले होते; देवाबद्दल इथे काय कळते; माझ्याकडून काही मागितले आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा ‘इथे काही नाही’ असे येईल, ते चालेल. प्रत्येक उताऱ्यातून स्वतःसाठी संदेश पिळून काढायचा नसतो. शक्य असेल तर दोन भाषांतरे शेजारी ठेवा. ज्या ओळीवर ती वेगळी बोलतात तिथे थांबून विचार करा.

५. खटकणाऱ्या गोष्टींसाठी वहीत मागची पाने राखून ठेवा

शास्ते या पुस्तकाचा १९वा अध्याय, एका स्त्रीवरच्या पाशवी अत्याचाराचा, वाचून मळमळले तर तुम्ही बरोबर वाचले आहे. तो अध्याय आदर्श म्हणून लिहिलेला नाही. त्या पुस्तकाचे शेवटचे वाक्यच सांगते की राजा नव्हता आणि जो तो आपल्याला बरे दिसेल ते करी. शास्त्र एखादी गोष्ट सांगते आणि शास्त्र तिला मान्यता देते, यांत फरक आहे. काव्य, भाकीत, नीतिसूत्र, पत्र, इतिहास यांना वाचायच्या रीतीही वेगळ्या. नीतिसूत्र हे सर्वसाधारण अनुभवाचे सार असते, करारनामा नसतो. नाहीतर निर्दोष असून दुःख भोगणाऱ्या ईयोबाचे पुस्तक लिहायची गरजच पडली नसती.

तरीही काही प्रश्न उरतील. ते मागच्या पानांवर तारखेसह लिहा आणि पुढे चला. काही महिन्यांनी उलटून पाहिले की त्यातले काही सुटलेले दिसतात, काही तसेच असतात. तसेच राहिलेले घेऊन जाणत्या माणसाकडे जा, आणि तो जे सांगेल तेही तपासा. बिरुया नगरातले लोक पौलाचे ऐकून रोज शास्त्रात शोध करत की हे असेच आहे का, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ त्यासाठी त्यांना नावाजते. जो उपदेशक तपासू देत नाही, प्रश्न विचारणाऱ्याला बंडखोर म्हणतो किंवा आशीर्वादाचा दर पैशांत सांगतो, त्याच्यापासून दूर झालेले बरे.

६. पौलाला कशाचा आनंद होतो, पेन्सिलीने खुणा करा

हा अभ्यास मला सर्वांत आवडतो. फिलिप्पैकरांस पत्र बंधनात असताना लिहिलेले आहे. ज्या नगराला ते लिहिले तिथेच पूर्वी पौल आणि सीला यांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून, आतल्या कोठडीत टाकले होते आणि मध्यरात्री ते स्तोत्रे गात होते. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये ती हकिकत आहे.

पत्रात जिथे जिथे आनंद हा शब्द येईल तिथे खूण करा आणि समासात लिहा, हा आनंद कशाचा? पहिल्या अध्यायात तो फिलिप्पैच्या लोकांसाठी प्रार्थना करताना आनंदतो. मग काही जण त्याला त्रास व्हावा म्हणून चढाओढीने उपदेश करत असतात; ख्रिस्ताची घोषणा होते ना, मग मला आनंदच आहे, असे तो म्हणतो. दुसऱ्यात ते एकचित्त व्हावेत म्हणजे माझा आनंद पूर्ण होईल, असे. त्यांनीच पौलाकडे पाठवलेला आणि मरणाच्या दारातून परतलेला एपफ्रदीत पुन्हा दिसला की तुम्ही आनंद कराल, असे. चौथ्यात ती माणसेच त्याचा ‘आनंद व मुकुट’ आहेत. समासातली यादी पूर्ण झाली की दिसते, पौलाचा आनंद ख्रिस्ताचा आणि माणसांचा आहे. स्वतःची प्रकृती, सुटका, सोय यांचा त्यात जवळपास मागमूस नाही. तुम्ही आनंद कुठे शोधता याची अशीच यादी करून शेजारी ठेवली तर बोलायला बरेच काही मिळेल.

आणखी एक. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ हे वाक्य ४:४ मध्ये आहे. दोनच वचने आधी युवदीया आणि सुंतुखे या दोन स्त्रियांना नाव घेऊन विनंती केली आहे की तुम्ही एकमनाच्या व्हा. ही आज्ञा भांडण चाललेल्या मंडळीला दिली आहे. त्याच पत्रात पौल रडत लिहितो (३:१८) आणि एपफ्रदीत गेला असता तर मला दुःखावर दुःख झाले असते असेही कबूल करतो (२:२७). आनंद करणारा माणूस रडत नाही, ही समजूत निदान पौलाची तरी नव्हती.

७. प्रार्थनेसाठी स्तोत्र १३ चा साचा वापरा

सहा वचनांचे स्तोत्र. पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. पुढच्या दोनांत मागणे आहे. शेवटच्या दोनांत मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे आणि मी गाईन, असे. मधल्या काळात शत्रू गेले असे कुठेही लिहिलेले नाही.

याच आकारात स्वतःची प्रार्थना लिहा. तक्रार आधी, ती पूर्ण होऊ द्या. मग एक स्पष्ट मागणे. मग देवाने पूर्वी केलेले एखादे काम आठवून एक वाक्य. शेवटचा भाग हाताने उतरत नसेल तर कोरा सोडा. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, आणि तेही पवित्र शास्त्रातच आहे.

८. कळले तेवढे पाळा

योहान १५:११ मध्ये येशू म्हणतो की माझा आनंद तुमच्यामध्ये असावा म्हणून मी हे सांगितले आहे. ‘हे’ म्हणजे काय, ते वरच्या वचनात आहे: माझ्या आज्ञा पाळून माझ्या प्रीतीत राहा. आणि योहान ७:१७ प्रमाणे, जो देवाच्या इच्छेप्रमाणे करायला तयार आहे त्याला ही शिकवण कोठून आहे हे कळेल. भरवशाचा बराच भाग असा करून पाहिल्यावर येतो. आठवड्याला एकच गोष्ट घ्या: क्षमा मागायचा एक फोन, परत करायचे उसने पैसे, एका माणसाबद्दल मागे बोलणे थांबवणे. नहेम्याच्या लोकांना सांगितलेले कामही तसेच होते, वाटा पाठवा. एकट्याने वाचणाऱ्याला हे जमत नाही, म्हणून दोन-तीन जणांबरोबर उतारा वाचायची सवय लावून घ्या. रोम १२:१५ मधले आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक हे मोठ्या सभेत अवघड असते, चार खुर्च्यांच्या खोलीत सोपे.

९. सगळे करूनही आनंद नसेल तेव्हा

आधी शरीराकडे पाहा. १ राजे १९ मध्ये एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोप, भाकरी, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा खाणे. होरेब डोंगरावरचे देवाचे बोलणे त्यानंतरचे. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच रस उरला नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरकडे जा. जीव संपवण्याचे विचार येत असतील तर आजच कोणाला तरी सांगा आणि एकटे राहू नका. अशा माणसाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ म्हणणारे चूक बोलतात.

कधी कारण लपवलेले पाप असते. स्तोत्र ३२ म्हणते की गप्प राहिलो तेव्हा माझी हाडे जीर्ण झाली, आणि ५१व्यात दावीद मागतो की तुझ्या तारणाचा आनंद मला परत दे. कबुली द्या, ज्याचे नुकसान केले त्याला भेटा. पण दुःखी दिसणाऱ्या प्रत्येकाच्या आयुष्यात पाप शोधत बसू नका. ईयोबाच्या मित्रांनी तेच केले आणि देवाने त्यांनाच दोष दिला.

आणि कधी कारण काहीच सापडत नाही. तेव्हा वाचन कमी करा, सोडू नका. एखाद्या शुभवर्तमानातला दहा वचनांचा उतारा, मोठ्याने, एकदा. खंड पडला तर बुडालेले अध्याय भरून काढायला बसू नका. त्या ओझ्यानेच लोक पुस्तक कायमचे मिटतात. आजची तारीख घाला आणि जिथे खूण आहे तिथून पुढे वाचा.